फाइल बारीक करून द्या की: कागदपत्रांची साइज कमी करायची रीत

जून लागला की कोल्हापुरात सायबर चौकाकडून विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या छोट्या फॉर्म सेंटरमध्ये दिवसातून वीस वेळा एकच वाक्य कानावर येतं, “सर, एवढी फाइल बारीक करून द्या की.” कुणाचा जातीचा दाखला चार एमबीचा असतो, कुणाची नुसती सही तीनशे केबीची. हे काम शिकायला अर्धा तास पुरतो आणि ते घरच्या मोबाइलवरही जमतं. पण बहुतेक जण ते उलट्या टोकाकडून करतात. जमेल तसा फोटो काढतात, आणि मग त्या फाइलला दाबत बसतात. साइज कमी करायची खरी वेळ कागदाचा फोटो काढतानाची असते, हे मला एका अर्जामुळे नीट कळलं.

गगनबावड्याकडचे एक मामा मुलीला घेऊन आले होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म होता आणि उत्पन्नाचा दाखला मोबाइलमध्ये. दाखल्याची प्रिंट, त्या प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सचा फोटो, आणि तो फोटो व्हॉट्सॲपवरून दोघांकडून फिरून आलेला. मी त्याची पीडीएफ केली, कॉम्प्रेस केली, ती ३१० केबीवर आली. परत केली, परत एकदा केली, २४० वर आणली आणि चढवली. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. दाखल्याचा क्रमांक वाचता येत नाही, असा शेरा. मामा पुन्हा एसटीनं ५५ किलोमीटर आले. “तुम्हीच भरलासा की सर,” एवढंच बोलले. चूक माझीच होती. मी आकडा बघितला, अक्षर बघितलं नाही. आणि मूळ दाखल्याची पीडीएफ मामांच्याच फोनमध्ये, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून होती. ती मर्यादेच्या आतच होती.

तेव्हापासून मी ज्या क्रमानं काम करतो, तोच क्रम खाली दिलाय.

आधी मर्यादा वाचा

१ एमबी म्हणजे १०२४ केबी. ४ एमबीची फाइल २५६ केबीच्या जागेत बसवायची तर तिचा सोळावा हिस्सा करावा लागतो. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर कागदपत्रांसाठी १५ ते २५६ केबी अशी मर्यादा दिसते. म्हणजे खालची बाजूही असते, हे ध्यानात घ्या. फाइल फार लहान झाली तरी पोर्टल ती नाकारतं, आणि लोक तासभर “आता काय झालं?” म्हणत बसतात. मर्यादा दरवर्षी बदलू शकते, म्हणून गेल्या वर्षीचा आकडा मनात धरून बसू नका. त्या त्या अर्जाच्या सूचनेतला आकडा वहीत लिहून घ्या आणि शेजारी कोणत्या प्रकारची फाइल चालते तेही लिहा, जेपीजी की पीडीएफ.

आता तुमच्याकडच्या फाइलची साइज बघा. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथं ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ अशा दोन ओळी असतात, त्यातली पहिली आपल्या कामाची. मोबाइलवर फाइल्स ॲपमध्ये त्या फाइलचे डिटेल्स उघडले की आकडा दिसतो.

कागद मुळातच डिजिटल आहे का?

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असं मला वाटतं, आणि सगळ्यात जास्त श्रम इथंच वाचतात. पीडीएफ उघडा आणि चारशे टक्क्यांपर्यंत मोठी करून बघा. अक्षरांच्या कडा धारदार राहिल्या, बोटानं किंवा माउसनं शब्द निवडता आला, तर ती अक्षरांची पीडीएफ आहे. कडा खडबडीत, पायऱ्यापायऱ्यांच्या दिसल्या, तर आत नुसता फोटो आहे.

अक्षरांची पीडीएफ मुळातच हलकी असते. ‘क’ कुठं छापायचा, केवढा छापायचा, एवढीच नोंद तिच्यात असते. तीच प्रिंट करून परत स्कॅन केली की प्रत्येक कोऱ्या जागेचेसुद्धा ठिपके साठवावे लागतात आणि साइज कित्येक पट फुगते. डिजिटल सातबारा, आपले सरकारवरून मिळालेला दाखला, डिजिलॉकरमधली मार्कशीट, हे सगळं शक्यतो जसं उतरवलं तसंच चढवा. ज्या सेतू केंद्रातून दाखला काढला तिथं “पीडीएफ पाठवा” एवढं म्हटलं तरी बऱ्याचदा काम होतं.

अशा कागदावर डिजिटल सही असते, तिच्याबाबत एक सावधगिरी बाळगा. फाइल कॉम्प्रेस केली, पानं जोडली किंवा काढली, की फाइलमधला मजकूर संगणकाच्या दृष्टीनं बदलतो आणि सही तपासताना ती वैध ठरत नाही. म्हणून सही असलेली मूळ फाइल कधीही बदलू नका. लहान करायचीच वेळ आली तर तिची प्रत काढून प्रतीवर काम करा.

स्कॅन करताना निम्मं काम उरकतं

थोडं गणित करू, कारण ते एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. ३०० डीपीआयला स्कॅन केला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेतले, तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. सुमारे ८७ लाख पिक्सेल. रंगीत असेल तर प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात. न दाबलेलं चित्र साधारण २५ एमबीचं झालं. ते २०० केबीत कोंबायचं म्हणजे सव्वाशे पट दाबायचं. अक्षरं चेंगरणारच.

आता तोच कागद १५० डीपीआयला, करड्या रंगात घ्या. पिक्सेल सुमारे २२ लाख, प्रत्येकाला १ बाइट. मूळ चित्रच दोन एमबीच्या आसपास. २०० केबीसाठी फक्त दहा पट दाबावं लागतं, आणि तेवढं जेपीजी पद्धत सहज झेपवते. एक पान, छापील मजकूर, २५६ केबीची मर्यादा असेल तर मी डोळे झाकून १५० डीपीआय आणि ग्रेस्केल, म्हणजे करडा रंग, निवडतो. मजकूर फार बारीक असेल तर २००.

स्कॅनरच्या खिडकीत तिसरा पर्याय असतो, नुसता काळा-पांढरा. त्यात प्रत्येक पिक्सेलला एकच बिट, म्हणजे बाइटचा आठवा हिस्सा, लागतो, त्यामुळं ३०० डीपीआयलासुद्धा फाइल अगदी हलकी होते. टाइप केलेल्या प्रतिज्ञापत्राला, करारनाम्याला तो छान. पण दाखल्यावरचा जांभळा गोल शिक्का, साहेबांची निळी किंवा हिरवी सही आणि फोटो यांची त्यात वाट लागते. शिक्का असलेल्या कागदाला करडाच रंग घ्या, आणि सूचनेत रंगीत प्रत मागितली असेल तर रंगीतच द्या.

मोबाइलनं घेत असाल तर साध्या कॅमेऱ्याऐवजी गूगल ड्राइव्हमधलं स्कॅन किंवा तसलं एखादं स्कॅनर ॲप वापरा. ते कडा शोधून कागद सरळ करतं आणि बाहेरचं सगळं कापून टाकतं. हे कापणं फार मोलाचं आहे. एका मुलीनं तिच्या बारावीच्या मार्कशीटचा फोटो फुलाफुलांच्या बेडशीटवर ठेवून काढलेला होता. मी तिच्यादेखत तोच कागद पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून, त्याच फोनवर, तेवढ्याच अंतरावरून घेतला. साइज निम्म्यावर आली. कारण असं की जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि एकेक चौकोन वेगळा नोंदवते. सपाट पांढरा चौकोन जवळपास फुकटात नोंदवला जातो. फुलं, सुरकुत्या, लाकडाच्या रेषा असलेल्या चौकोनाला भरपूर जागा लागते. तुमच्या केबी बेडशीटच्या फुलांवर खर्च होत असतात आणि गुणांचे आकडे उपाशी राहतात.

आपल्याकडे याला पावसाचीही जोड आहे. आषाढात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे दिवसासुद्धा घरात दिवा लावावा लागतो. कमी उजेडात फोनचा कॅमेरा चित्रात बारीक कण आणतो, वाळू पसरल्यासारखे. डोळ्याला ते जाणवत नाहीत, पण प्रत्येक चौकोनात ते असल्यामुळं फाइल फुगते आणि दाबताना अक्षरंही गढूळ होतात. म्हणून खिडकीशी या, दारात या, पण उजेडात या. फ्लॅश नको, विशेषतः लॅमिनेट केलेल्या कागदावर. त्यात मधोमध पांढरा डाग पडतो आणि तो नेमका क्रमांकावरच पडतो. कागद दमट होऊन वाकला असेल तर जाड पुस्तकाखाली तासभर दाबून ठेवा. वाकलेल्या कागदाच्या सावल्यासुद्धा जागा खातात.

आधी पिक्सेल कमी करा, क्वालिटी नंतर

एवढं करूनही फाइल मोठीच राहिली, तर चित्रावर दोन उपाय असतात. एक, त्याची लांबी-रुंदी कमी करायची. दोन, तेवढ्याच लांबी-रुंदीत त्याला जास्त दाबायचं. नवखा माणूस दुसऱ्याकडं धावतो. माझं सांगणं आहे की आधी पहिला करा.

आजच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. ए-फोर कागद वाचायला १२४० पिक्सेल रुंदी पुरते. संगणकावर पेंटमध्ये फोटो उघडा, मोकळ्या कडा कापा, रिसाइझमध्ये जाऊन पिक्सेलचा पर्याय निवडा आणि आडव्या बाजूला १२४० लिहा. प्रमाण कायम ठेवण्याची खूण चालू असू द्या, नाहीतर अक्षरं चपटी होतात. मग जेपीजी म्हणून नवीन नावानं सेव्ह करा. बहुतेक वेळा इथंच काम संपतं.

नाही संपलं तर क्वालिटीकडं वळा. पेंटमध्ये क्वालिटी कमी-जास्त करता येत नाही. इरफानव्ह्यू किंवा गिंप हे फुकट प्रोग्राम घ्या. सेव्ह करताना ते १ ते १०० चा दांडा देतात. ८० पासून सुरू करून पाच-पाचनं खाली या. मी ५० च्या खाली सहसा जात नाही. तिथून खाली अक्षरांभोवती डासांच्या थव्यासारखे ठिपके दिसायला लागतात.

आणि प्रत्येक वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करा. जेपीजी दर वेळी थोडी माहिती टाकून देते आणि ती परत येत नाही. ८० ची फाइल घेऊन ७० ची, त्यावरून ६० ची, असं केलं तर एकदम ६० ला केलेल्यापेक्षा चित्र खराब येतं. मामांच्या दाखल्याला मी हेच केलं होतं.

मराठी कागदासाठी एक जास्तीची काळजी. तयार पीडीएफ दाबणाऱ्या कित्येक साधनांमध्ये सगळ्यात कडक पर्याय पान ७२ डीपीआयवर आणतो. ८ पॉइंटचं अक्षर त्यात जेमतेम ८ पिक्सेल उंचीचं उरतं. रोमन लिपीतला मजकूर त्यातही कसाबसा वाचता येतो. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतो. ८ पिक्सेलमध्ये एवढं सगळं कुठं मावणार? घोरपडेंचं धोरपडे होतं, मोरेंचं भोरे होतं, आणि अनुस्वार तर धुळीसारखा उडून जातो. अशा साधनात मधला पर्याय घ्या, १५० डीपीआयचा.

फाइल झिप करून साइज कमी होईल असं काही जण समजतात. जेपीजी आणि पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात, झिपनं त्यांत नावापुरताच फरक पडतो. शिवाय पोर्टल झिप घेत नाही.

फोटो आणि सही

बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरणाऱ्या मुलांची इथं फार दमछाक होते. आयबीपीएसच्या सूचनांमध्ये गेली काही वर्षं फोटोला २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सहीला १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याच्या ठशाला २४० बाय २४० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर हातानं लिहिलेल्या प्रतिज्ञेला ८०० बाय ४०० पिक्सेल आणि ५० ते १०० केबी, अशी मापं आहेत. भरण्याआधी त्या वर्षीची सूचना बघाच.

सहीसाठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं सही करा. वहीच्या रेघांवर नको. फोटो काढून सहीच्या अगदी लगत कापा, कागदाचा मोठा पांढरा पट्टा ठेवू नका. तो ठेवला तर लहान केल्यावर सही मुंगीएवढी दिसते. मग १४० बाय ६० करा. एवढ्या लहान चित्राची फाइल कधी कधी १० केबीच्या खाली जाते. तसं झालं तर क्वालिटीचा दांडा ९५ किंवा १०० वर नेऊन परत सेव्ह करा.

बरीच पानं असली तर

सहा सेमिस्टरच्या मार्कशीट एका पीडीएफमध्ये मागितल्या असतील तर एकूण मर्यादेला सहानं भागा, म्हणजे दर पानाला किती वाटा येतो ते कळेल. आधी एकेक पान त्या मापात बसवा आणि मगच जोडा. कोरी मागची पानं काढून टाका. स्कॅनरनं घेतलेलं कोरं पानसुद्धा कोरं नसतं, पलीकडच्या मजकुराची छाया त्यात येते आणि तीही जागा घेते.

वर्डमधला अहवाल किंवा प्रोजेक्ट फुगला असेल तर दोष चित्रांचा. चित्रावर क्लिक करा, कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जा, कापलेले भाग काढून टाकायची खूण करा आणि १५० पीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) निवडा. चित्र कोपऱ्यात धरून लहान ओढलं म्हणून फाइल लहान होत नाही, आत मूळ फोटो अख्खा असतो.

ईमेलसाठी जीमेलची मर्यादा २५ एमबी. पण पाठवताना जोडलेल्या फाइलची साइज सुमारे एक तृतीयांशानं वाढते, म्हणून १८ एमबीच्या पुढं गेलात तर ड्राइव्हची लिंक पाठवा. व्हॉट्सॲपवर कागद पाठवायचा तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की ॲप तो स्वतःहून दाबतं.

आधार कुठल्याही साइटवर टाकू नका

‘फाइल लहान करा’ असं शोधलं की शेकडो साइट समोर येतात. त्यातल्या बहुतेक तुमची फाइल त्यांच्या सर्व्हरवर नेतात, काम करतात आणि परत देतात. प्रोजेक्टच्या फाइलला चालेल. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, वैद्यकीय कागद यांच्यासाठी मी अशा साइट कधीच वापरत नाही. फोटोसाठी स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्ये चालतं आणि काम तुमच्याच संगणकावर करतं, ते चांगलं. संपूर्ण आधार क्रमांकाची सक्ती नसेल तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आमच्यासारख्या सेंटरमध्ये काम करून घेतलंत तर उठण्याआधी “माझ्या फाइल काढून टाका” असं स्पष्ट सांगा आणि रिसायकल बिनही रिकामं करायला लावा. आम्हाला राग येत नाही.

चढवण्याआधी वाचून बघा

लहान केलेली फाइल संगणकावर शंभर टक्के आकारात उघडा. नाव, जन्मतारीख, दाखल्याचा क्रमांक, शिक्क्यातलं कार्यालयाचं नाव आणि तारीख मोठ्यानं वाचा, आणि शेजारी मूळ कागद धरा. क्यूआर कोड असेल तर दुसऱ्या फोननं तो वाचला जातो का ते बघा. आकड्यांकडं मी एवढं बोट का दाखवतो, त्याला एक घडलेली गोष्ट कारण आहे. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं एक बांधकामाचा नकाशा स्कॅन केला. त्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, प्रतीमध्ये मात्र तिन्ही खोल्यांवर १४.१३ हाच आकडा आला. साइज वाचवण्यासाठी ते यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून सगळीकडं वापरत होतं, आणि ६ च्या जागी ८ सुद्धा बसवत होतं. अक्षर धूसर झालं तर निदान शंका येते. इथं आकडा स्वच्छ, ठळक आणि चुकीचा होता. सातबाऱ्यावरचं क्षेत्र किंवा मार्कशीटवरचे गुण असे बदलले तर काय होईल, याचा विचार करा.

फाइलचं नाव साधं, रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता द्या. काही पोर्टलना मराठी नाव चालत नाही आणि ती नुसतंच ‘त्रुटी’ म्हणून गप्प बसतात.

शेवटचं काम म्हणजे मूळ स्कॅन जपून ठेवणं. प्रत्येक महत्त्वाचा कागद एकदा ३०० डीपीआयला, रंगीत, नीट स्कॅन करून ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि लहान केलेल्या प्रती ‘अर्जासाठी’ या दुसऱ्या फोल्डरमध्ये. जातपडताळणीसाठी लागणारे आजोबांचे शाळेचे दाखले किंवा मोडीतल्या नोंदी असतील तर ६०० डीपीआयला घ्या. मोडी वाचणाऱ्याला शाईचा एकेक फाटा दिसायला हवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ, करवीरकडची माणसं चिखलानं माखलेल्या फायली घेऊन आमच्या दारात आली होती. ज्यांच्याकडं मूळ स्कॅन पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर होता, त्यांना दुसरी प्रत काढताना जुना क्रमांक आणि तारीख तरी हाताशी होती. पेन ड्राइव्ह घरात असेल तर एक प्रत पाहुण्यांकडं, दुसऱ्या गावात ठेवा.